४,२९,४९,६७,२९७ : चाचणीत पास, तरी मूळ नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. संख्या मूळ आहे की नाही, एवढंच तो सांगायचा. त्यात ४,२९,४९,६७,२९७ टाकली. उत्तर आलं, ‘मूळ’. खूश होऊन सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “६४१ ने भागून बघ.” भागलं. बाकी शून्य! संशोधनात उतरण्याआधी तुम्हालाही ही संख्या भेटलेली बरी, म्हणून हा लेख.

आधी तिचं घराणं पाहू. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. येतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ. सतराव्या शतकात फर्माला वाटलं, या रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असणार. पुढचा घात ३२, म्हणजे आपली संख्या. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं : ही तर ६४१ × ६७,००,४१७ आहे!

एवढ्या मोठ्या संख्येचा अवयव कसा शोधायचा? ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं, की तिचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. अशा मूळ संख्या क्रमाने लिहा : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम झालं.

आता वर्गीकरण. ही संख्या विषम आहे, संयुक्त आहे. तिचे अवयव दोनच, दोन्ही मूळ आणि वेगवेगळे. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज फक्त ६७,०१,०५९, म्हणजे संख्येपेक्षा कितीतरी कमी.

मग माझा प्रोग्रॅम का फसला? फर्माचाच नियम आहे : ‘प’ ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (प − १) व्या घाताला ‘प’ ने भागल्यावर बाकी १ उरते. मी तेवढंच तपासत होतो. पण नियम उलटा चालत नाही. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. आपल्या संख्येने २ च्या ३२ व्या घाताला भागलं तर बाकी −१ येते. वर्ग केला, की ६४ व्या घाताला १. आणि (प − १) हा ६४ च्या पटीतच आहे, त्यामुळे बाकी १ येणारच! अशा फसव्या संख्यांना स्यूडोप्राइम म्हणतात. २ च्या जागी ३ घेतलं, की हिचं बिंग लगेच फुटतं.

चूक नेमकी कुठे झाली बघा. संख्या २ पासून बनलेली आणि चाचणीही २ चीच. तुमच्या विषयातही हे होतं : ज्या डेटावरून कल्पना सुचली, त्याच डेटावर ती तपासायची. असं केल्यावर पास होण्यात काही विशेष नाही.

जाता जाता एक गृहपाठ. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. एवढ्यावरून, भागाकार न करता, ६४१ ने भाग जातो हे सिद्ध करा. कागदावर चार ओळी पुरतात.