हवेची सरकती सीमा

सन १९७९ च्या ११ जुलै रोजी स्कायलॅब ही अमेरिकेची सुमारे ७७ टन वजनाची अंतराळ-प्रयोगशाळा भंगून तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्सच्या परिसरात पडले, तेव्हा ती कोणाच्या माथ्यावर येणार या धास्तीने त्या पावसाळ्यात आपल्याकडेही अनेकांची झोप उडाली होती. भय लवकरच ओसरले. परंतु ती मुदतीआधीच का कोसळली, हा त्याहून मोलाचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

१९७४ च्या फेब्रुवारीत अखेरचे अंतराळवीर तिला सोडून परतले, त्या वेळी ती भूपृष्ठापासून सुमारे ४३० किलोमीटर उंचीवर फिरत होती. ती १९८० नंतरही काही काळ तग धरील आणि तोवर सिद्ध झालेले स्पेस शटल तिला वर ढकलील, अशी तजवीज दप्तरी झालेली होती. हा सारा हिशेब सूर्याचे पुढील आवर्तन सौम्य राहील या गृहीतावर उभा होता. १९७६ साली सुरू झालेले ते आवर्तन प्रत्यक्षात प्रखर निघाले. जेथे हवा आहे असे म्हणणेही सामान्य माणसाला धाडसाचे वाटेल, तेथे ती दाट होत गेली, प्रयोगशाळेची कक्षा खचू लागली, आणि शटलचे पहिले उड्डाण १९८१ च्या एप्रिलपर्यंत लांबल्यामुळे ती तजवीज कागदावरच राहिली.

सूर्याच्या या आवर्तनाचा शोध डेसाऊ येथील हाइनरिश श्वाबे या औषधविक्रेत्याचा. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल तर तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, या आशेने तो १८२६ पासून निरभ्र दिवशी सूर्यावरील डागांची नोंद ठेवीत गेला. ग्रह सापडला नाही, पण डागांच्या संख्येत सुमारे दहा वर्षांचा चढउतार आहे हे त्याने १८४३ साली जाहीर केले. आज ही मुदत सरासरी अकरा वर्षांची मानतात. ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा ती नाहीच, असे दिसत असताही वर्षानुवर्षे नोंदी करीत राहणारी ती निष्ठा मला त्या शोधाइतकीच वंदनीय वाटते.

या अकरा वर्षांत सूर्याचे एकूण तेज जेमतेम सहस्रांशाने बदलते, म्हणून जमिनीवर आपल्याला काही जाणवत नाही. परंतु त्या तेजातील अतिनील किरणांचा अतितीव्र अंश आणि क्ष-किरण हे मात्र कित्येक पटींनी वाढतात, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण शंभर किलोमीटरांच्या वर असलेले ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे विरळ कण ते शोषून घेतात. त्या शोषणाने वरच्या हवेचे तापमान, जे सूर्य शांत असता ७०० अंश केल्व्हिनच्या आसपास असते, ते सूर्य प्रक्षुब्ध असता १२०० अंशांपलीकडे जाते. आणि तापलेले दूध पातेल्यात वर चढावे तशी ती हवा फुगून खालचा दाट थर वर सारते. परिणामी ४०० किलोमीटरांवरील घनता सुमारे दसपट होऊ शकते. घर्षणाने उपग्रह खाली येतो, खाली येताना त्याचा वेग घटण्याऐवजी वाढतो, आणि अधिकाधिक दाट हवेत शिरून तो आपल्याच विनाशाची गती वाढवितो.

१९५७-५८ मध्ये पहिले उपग्रह आकाशात गेले, तेव्हा सूर्याचे नोंदीतील सर्वांत प्रखर आवर्तन ऐन शिखरावर होते. त्यांच्या कक्षा कशा आकसतात हे तपासताना लुइजी याकिया या खगोलज्ञास त्या आकसण्यात सूर्याच्या सत्तावीस दिवसांच्या परिवलनाचाही ठसा आढळला. हवा मोजण्याचे याहून सुंदर साधन मला ठाऊक नाही.

आवर्तनाखेरीज सूर्याची वादळेही आहेतच. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडले गेले, आणि लगेच आलेल्या, तसे पाहता साधारणच, भूचुंबकीय वादळाने वरची हवा तशीच तापून दाट झाल्यामुळे त्यांपैकी ३८ नष्ट झाले.

आता या हिशेबात मनुष्याचा हातही शिरला आहे. जो कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता रोखून धरतो, तोच वरच्या विरळ थरांत उष्णता अवकाशात सोडून देतो; त्याचे प्रमाण वाढत असल्याने वरची हवा थंड व विरळ होत आहे, आणि २००८-०९ च्या दीर्घ सौरशांततेत ती असाधारण विरळ झाली होती. निकामी उपग्रहांचे तुकडे खाली ओढून जाळण्याचे काम याच हवेकडे असल्याने, ती जसजशी विरळ होईल, तसतसा तो कचरा कक्षेत अधिक काळ फिरत राहील.