सुटीतील भोजन : फाटा आणि फाटक



व्याख्यानमालेचे दिवस आणि मुलांच्या सुटीचे दिवस एकच असतात. संध्याकाळी आपण येथे येऊन बसतो आणि घरी मुले विचारीत असतात की, यंदा कोठे जायचे? मग एखाद्या रविवारी कल्याण-डोंबिवलीचे, ठाण्याचे कुटुंब पाण्याच्या उद्यानाला, एखाद्या रिसॉर्टला नाहीतर खोपोलीजवळच्या मनोरंजननगरीला जाते. प्रवेशाचा दर आधी ठाऊक असतो. गाडीच्या इंधनाचा अंदाज असतो. परतल्यावर हिशेब जुळत नाही तो जेवणाच्या खात्यावर. विषय हलका वाटेल. पण वर्षातून एकदाच सहलीला जाऊ शकणाऱ्या कुटुंबाला तो हलका नाही. पुष्कळ घरांत आजी-आजोबा ‘आम्हांला नको, तुम्ही जाऊन या’ असे म्हणतात, त्यामागे गुडघ्यांपेक्षा हा हिशेब अधिक असतो.

आपल्याकडून दक्षिणेकडे निघालेला बहुतेक प्रत्येक सहलकरी शीळफाट्यावरून जातो. कल्याणहून काटई आणि खिडकाळीवरून येणारा रस्ता, ठाणे-मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग आणि महापेकडचा रस्ता येथे एकत्र येतात. रस्ता फुटतो तो फाटा. महाराष्ट्रात कोठेही जा, फाटा आला की चहा आला, वडा आला, उसाचा रस आला. का? कारण फाट्यावर गाडी मंदावते, आणि गाडी मंदावली की भूक आठवते! तेथे एकाशेजारी एक अशी दुकाने लागतात. एकाने वड्याचा भाव वाढविला तर दहा पावलांवर दुसरा उभाच असतो. तेलाचा वास आला की गिऱ्हाईक पुढे सरकते. फाट्यावर भाव ठरविणारा कोणी अधिकारी नसतो. गिऱ्हाइकाचे पाय भाव ठरवितात.

आता उद्यानाच्या फाटकातून आत या. शेकडो माणसे फिरताहेत, दुपारचा एक वाजला आहे, मुले पाण्यातून बाहेर आली आहेत. आत चार उपाहारगृहे असतील. एकाच्या दारावर समुद्री चाच्यांचे जहाज असेल, दुसऱ्याच्या दारावर राजवाड्याची कमान. पण चारही एकाच मालकाची, किंवा त्यानेच ठेवलेल्या ठेकेदारांची. बाहेर जाऊन जेवावे तर जवळ गाव नाही, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतील की नाही हेही पाहावे लागते. येथे गिऱ्हाइकाचे पाय बांधलेले आहेत. वस्तू तीच, माणूस तोच. फरक पडतो तो फाटा आणि फाटक यांतला.

ही स्थिती आजची नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानच्या डोंगरावर चढले आणि पुढे तेथे थंड हवेचे ठाणे वसले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. मोटारीला मात्र बंदीच राहिली, म्हणून तांदूळ-भाजीपासून गॅसच्या टाकीपर्यंत सारे घोड्यावर आणि माणसाच्या डोक्यावर वर जात राहिले. अशा ठिकाणी हॉटेलवाल्याने खोलीचे भाडे आणि दोन्ही वेळचे जेवण, चहा, न्याहारी असा एकच दर माणशी लावण्याची पद्धत पाडली. हॉटेलधंद्याच्या भाषेत या पद्धतीला ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणतात. नुसती खोली दिली तर ‘युरोपियन प्लॅन’. माथेरानच्या पद्धतीत एक सोय होती. घरून निघतानाच आकडा कळे. जेवण कसे निघेल हा नशिबाचा भाग. पण पानावर बसल्यावर दर पाहून पोळी नाकारण्याची पाळी कोणावर येत नसे.

इंग्लंडात बिली बटलिन यांनी १९३६ साली स्केग्नेस येथे सुटीचे शिबिर उघडले ते याच तत्त्वावर. आठवड्याचे ठरावीक पैसे भरावे. त्यांत राहणे, तीन वेळचे जेवण आणि करमणूक सगळे आले. गिरणी-कारखान्यांतल्या कुटुंबांना हिशेबाची धास्ती उरली नाही, हे त्या शिबिरांच्या यशाचे मोठे कारण. फ्रान्सच्या क्लब मेडने १९५० मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी तीच कल्पना घेतली. जेवण दरात आले. पण मद्यासाठी पैसे निराळे. पोहण्याच्या कपड्यांत खिसा कोठून आणायचा? म्हणून पुढे मण्यांची माळ निघाली. पैसे देऊन मणी घ्यावे, गळ्यात घालावे आणि पेल्यागणिक एक-दोन मणी काढून द्यावे.

आपल्या पाण्याच्या उद्यानांत मनगटावर जो पट्टा बांधतात आणि ज्यात आधी पैसे ‘भरतात’, तो या माळेचाच नातू. सोय खरी आहे, ओल्या हातांनी नोटा कोण सांभाळणार? पण हातातून नोट जाताना जो विचार मनात येतो, तो मणी काढताना किंवा पट्टा यंत्राला टेकविताना येत नाही. शिवाय पट्ट्यात थोडे पैसे उरतातच. ते परत मिळतात का, कोणत्या खिडकीवर आणि किती वाजेपर्यंत, हे पैसे भरतानाच विचारावे. संध्याकाळी त्या खिडकीसमोर ओले कपडे आणि झोपाळू मुले घेऊन रांग लागते.

मनोरंजननगरीची आजची कल्पना मात्र अमेरिकेतून आली. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. पहिल्या दिवशी अपेक्षेबाहेर गर्दी लोटली, उन्हाचा कडाका होता आणि खाद्यपदार्थ संपून गेले. त्यातच नळकाम करणाऱ्यांचा संप होऊन गेला होता. पिण्याच्या पाण्याचे नळ आधी चालू करायचे की शौचालये, यातून एकच निवडायची वेळ आली. वॉल्ट डिस्ने यांनी शौचालये निवडली, आणि ते योग्यच होते. पण लोकांना वाटले की, शीतपेये खपविण्यासाठी पाणी बंद ठेवले आहे! सत्तर वर्षे होऊन गेली, तरी फाटकाच्या आतला संशय तोच राहिला आहे. पाण्याचा नळ दिसला नाही की माणसाला कारण सुचते ते हेच.

महाराष्ट्रात १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. मुंबईकर खाडीतून होडीने जात. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. येथे उपाहारगृहालाही सोंग दिलेले असते. अमेरिकेतल्या रस्त्याकाठच्या खाणावळीसारखे सजविलेले एक, नाविकांच्या धर्तीचे दुसरे. या सोंगाला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. मुलाला जहाजात बसून जेवल्याचा आनंद होतो, तो खराच आनंद. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की, ताटाच्या दरात जहाजाचे भाडेही धरलेले असते.

मालकाची बाजूही पाहू. हॉटेलधंद्यात सर्वसाधारण ठोकताळा असा की, पदार्थाच्या विक्रीकिमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कच्चा माल. उरलेल्यात आचारी, वाढपी, वीज, इंधन, जागा, नासाडी आणि नफा. उद्यानाची गर्दी येते शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात. मंगळवारी दुपारी तेच स्वयंपाकघर, तेच आचारी रिकामे बसतात, पण पगार चालू असतो. रविवारी सर्वांना एकदमच भूक लागते, म्हणून भांडी-शेगड्या रविवारच्या मापाने घ्याव्या लागतात. तेव्हा फाट्यावरच्या वड्याच्या भावात आत वडा मिळावा, ही अपेक्षा धरणे न्यायाचे नाही. प्रश्न दर किती चढावा हा आहे. आणि चढत्या दराला अडविणारे शेजारचे दुकान आत नाही, ही खरी अडचण आहे.

मग बाहेरचा डबा का नेऊ देत नाहीत? दारावर पिशव्या तपासताना बिस्किटे आणि थेपले बाजूला काढून ठेवलेले आपण पाहतो. याबद्दल कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी चित्रपटगृहांच्या बाबतीत निकाल दिला की, खाजगी जागेत बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यायचे की नाही हे ठरविण्याचा मालकाला अधिकार आहे. सुनावणीत सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी जिलेबीचे उदाहरण घेतले : कोणी जिलेबी घेऊन आला आणि पाकाचे हात खुर्चीला पुसले तर? मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट मिळते आणि तान्ह्या मुलाचे अन्न आत नेता येते, याचीही नोंद त्याच वेळी झाली. हा निकाल चित्रपटगृहांपुरता असला, तरी त्यातील तत्त्वाचा आधार उद्यानाचा मालक घेऊ शकतो. म्हणून फाटकावर पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो बिचारा रोजंदारीचा माणूस असतो. पाण्याचा नळ कोठे आहे, हे मात्र हक्काने विचारावे. बाळाचे दूध-खिमट, मधुमेही माणसाचे खाणे आणि औषधे यांविषयी आधी दूरध्वनी करून बोलावे. बहुतेक ठिकाणी त्यांना मुभा मिळते.

पाण्याच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा अधिक पैसे घेतात, हे बेकायदा नाही का, असे पुष्कळ विचारतात. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हॉटेलात बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही दिली जाते, म्हणून छापील किमतीचे बंधन तेथे लागू नाही. दुकानात उभ्याने घेतलेल्या बाटलीला हा युक्तिवाद चालणार नाही, असे मला वाटते. सेवाशुल्काची गोष्ट निराळी. ते बिलात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने ती उचलून धरली. त्यावर अपील झाले आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

दरापेक्षा पोटाची काळजी मोठी. रिसॉर्टमध्ये हल्ली मांडणीचे जेवण असते. लांब टेबलावर पदार्थ मांडलेले, ज्याने त्याने वाढून घ्यायचे. रांगेत आधी काय मांडतात ते पाहा : पाव, सूप, भात, तळणाचे प्रकार. ताट भरते तोवर पनीर आणि कोंबडी दूरच असते! यात लबाडी म्हणण्यासारखे काही नाही. लग्नाच्या पंगतीतही वाढपी भात आग्रहाने वाढतो आणि जिलेबी बेताने. जपायचे ते तापमानाला. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावा, हा अन्नसुरक्षेचा नियम. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. शिजलेल्या भातात एक जंतू असा असतो की, त्याचे बीज शिजविण्याने मरत नाही. भात कोमट राहिला की ते रुजते, आणि त्यातून निघालेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा झाकणाखालून वाफ येत नसेल तर तो भात सोडावा, पैसे भरलेले असले तरी. सव्वाबाराला मांडलेल्या जेवणाला तीन वाजता जाण्यापेक्षा साडेबारालाच जावे. रांगही लहान असते. बिलावर अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे २०२२ पासून सक्तीचे आहे, तोही पाहावा.

आता आपल्याच अंगणातली गोष्ट. कर्जत, मुरबाड, बदलापूर या बाजूला एक दिवसाच्या सहलीची शेतघरे पुष्कळ झाली आहेत. न्याहारी, जेवण, संध्याकाळचा चहा-भजी आणि तलाव, सगळे एका दरात. म्हणजे माथेरानची जुनी रीतच. ही रीत मला अधिक बरी वाटते. पण तेथील ताट पाहिले की आश्चर्य वाटते. पनीरची लाल भाजी, नूडल्स, गुलाबजाम. हे ताट नाशिकला असते, इंदूरला असते, कोठेही असते. शीळ, दिवा, खिडकाळी हा आगरी मुलूख. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचे बिरडे, खाडीची निवटी आणि चिंबोऱ्या हे येथले अन्न. जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्या शेतावरून आपण मोटारीने जातो त्यांच्या घरचा स्वयंपाक आपल्याला ठाऊक नाही. राज्य शासनाने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण आणले. शेतकऱ्याने पाहुण्याला आपल्या शेतावर आणावे, आपल्या घरचे जेवू घालावे, ही त्यामागची कल्पना. पाहुण्यानेच पनीर मागितले तर शेतकरीण तरी काय करील? ती बाजारातून पनीर आणते, आणि शेतावर पिकलेल्या वालाचे पैसे व्यापाऱ्याकडून मिळतील तेवढे घेते.

थंडीत रायगडच्या बाजूला पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. कोणी त्यात बटाटे-रताळी घालतात, कोणी अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच घट्ट बंद करून मडके पालथे ठेवतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवतात. पाण्याचा थेंब घालीत नाहीत. पाला आणि शेंगा यांच्या वाफेवरच सारे शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र आवाज आला की झाले. हल्ली काही शेतघरे आधी सांगून ठेवल्यास पोपटी लावून देतात. शेंगा भरतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे मेच्या सुटीत ती मिळणार नाही, तिच्यासाठी थंडीतला एखादा रविवारच राखून ठेवावा लागेल, आणि दूरध्वनीवर विचारताना मडके माणशी मोजतात की मडक्याच्या हिशेबाने, तेवढे विचारून घ्यावे.