कार्बन तंतूंच्या संमिश्र पटलांतील स्तरविलगन : श्रांतिभाराखालील वाढ व तिच्या अनुमानातील अडचणी

प्रस्तावना :
कार्बन तंतू आणि रेझीन यांपासून तयार केलेली संमिश्र पटले वजनाला हलकी आणि तंतूंच्या दिशेने अत्यंत बळकट असतात. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचे सुमारे ५० टक्के वजन अशा संमिश्रांचे आहे. मात्र पटलातील पातळ थर एकमेकांशी केवळ रेझीनने जोडलेले असतात. सर्वसाधारण पटलात जाडीच्या दिशेने तंतू नसतात. या दुबळ्या दिशेने थर सुटे होणे म्हणजे स्तरविलगन होय. वारंवार येणाऱ्या भारामुळे, म्हणजेच श्रांतीमुळे, ते कसे वाढते आणि त्याचे अनुमान कठीण का ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उगम व परिणाम :
पटलाच्या मोकळ्या कडा, छिद्रे आणि जाडी बदलणारी ठिकाणे येथे स्तरविलगनाचा आरंभ होतो. हातातून निसटलेल्या अवजाराचा आघातही त्यास पुरेसा असतो. पृष्ठभागावर खूण जेमतेम दिसते, परंतु आत अनेक थर सुटलेले असतात. दाब येताच असे सुटे थर वेगवेगळे वाकतात आणि पटलाची दाब सहन करण्याची क्षमता घटते.

वाढीचा नियम :
पॅरिस आणि एर्दोगन यांनी १९६३ मध्ये धातूंतील तड्याच्या वाढीसाठी घातांकी नियमाची मांडणी केली. स्तरविलगनासाठी तोच नियम ऊर्जामुक्ती दराच्या आधारे वापरला जातो. फरक घातांकात आहे. धातूसाठी घातांक ३ धरल्यास भार १० टक्क्यांनी वाढताच तड्याचा वेग सुमारे १.३ पट होतो. स्तरविलगनात ऊर्जामुक्ती दर भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेथे घातांक ८ धरल्यास तेवढ्याच वाढीने वेग सुमारे ४.६ पट होतो. भाराच्या अंदाजातील किरकोळ चूकही अशा प्रकारे आयुर्मानाच्या अनुमानात मोठी चूक ठरते.

मापनातील अडचण :
प्रयोगशाळेत सहसा एकाच दिशेचे तंतू असलेल्या पट्टीच्या दोन भुजा विरुद्ध दिशांना ओढून तडा उघडला जातो. तडा पुढे सरकतो तेव्हा मागे काही तंतू दोन्ही पृष्ठांना सांधून राहतात. हे तंतुसेतू भाराचा वाटा उचलतात आणि वाढ मंदावते. प्रत्यक्ष रचनेत थर निरनिराळ्या दिशांनी रचलेले असल्याने असे सेतू तितक्याच प्रमाणात निर्माण होतील असे नाही. म्हणून प्रयोगातील आकडे जसेच्या तसे स्वीकारल्यास पटल वास्तवापेक्षा अधिक सुरक्षित भासते.

अभिकल्पावरील परिणाम :
या कारणांमुळे विमानरचनेत दीर्घकाळ ‘वाढ मुळीच होऊ द्यायची नाही’ हे धोरण प्रमुख राहिले. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्या २००९ च्या परिपत्रकाने संथ वाढीचा मार्गही खुला ठेवला. मात्र वाढ संथ, स्थिर आणि अनुमानयोग्य असल्याचे सिद्ध करणे त्यात आवश्यक आहे.

निष्कर्ष :
धातूतील तडा ठरावीक अंतराने तपासत राहता येतो, कारण त्याची वाढ बहुधा सावकाश होते. स्तरविलगन दीर्घकाळ स्तब्ध राहून भारातील अल्प वाढीने वेगावू शकते. त्यामुळे तपासणीचे अंतर ठरविण्यापूर्वी तंतुसेतूंचा परिणाम वगळून वाढीचा दर निश्चित करणे, ही या क्षेत्रातील संशोधनाची प्राथमिक गरज ठरते.