इंग्रजी शब्दांची वाट

इंग्रजीतील चमत्कारिक शब्दांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, ती परकी भाषा. तिचे शब्द घोकावेत आणि परीक्षेनंतर विसरावेत. दुसरा वर्ग अधिक धीट. उच्चारात थोडे साम्य दिसले की हा शब्द मूळचा आमचाच, असे तो सांगून मोकळा होतो. आमच्या मते दोघेही एक साधा प्रश्न विसरतात : हा शब्द आला कोणत्या वाटेने?

यवतमाळ जिल्हा कापसाचा. तेव्हा आरंभ तेथूनच करू. सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याला आपण 'जिनिंग' म्हणतो. त्यातील 'जिन' हा 'एंजिन' या शब्दाचा उरलेला तुकडा आहे. एली व्हिटनी याने १७९४ साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट मिळविले, ते याच नावाने गाजले. 'एंजिन'चे मूळ लॅटिन 'इंजेनियम', आणि त्याचा अर्थ उपजत बुद्धी! बुद्धीवरून युक्ती, युक्तीवरून यंत्र, असा अर्थ सरकत आला. 'जिन' नावाची दारूही आहे. पण तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ते नाव जुनिपर झुडपाच्या फळांवरून, डच भाषेतून आले. उच्चार एक, घराणी दोन.

आता खुद्द कापूस. 'कॉटन' हा शब्द 'कापूस'वरून निघाला असावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तो अरबी 'कुत्न'वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. आपला संस्कृत 'कर्पास' मात्र ग्रीकांनी 'कार्पासोस' आणि रोमनांनी 'कार्बासुस' म्हणून उचलला होता. म्हणजे अभिमानाला जागा आहे. फक्त आपण समजतो तेथे ती नाही.

पोत्याच्या जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत 'गनी' म्हणतात. ती आपली 'गोणी'च. आपल्या जंगलातील साग इंग्रजीत 'टीक' झाला. त्या शब्दाचे मूळ मलयाळम 'तेक्क'. पोर्तुगीजांच्या तोंडून तो पुढे गेला. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात, घुशीला 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात. इंग्रजांनी त्याचे 'बँडिकूट' केले आणि पुढे तेच नाव ऑस्ट्रेलियातील एका निराळ्याच, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याला चिकटविले!

आणि आपले मुंगूस? तेच इंग्रजीत 'माँगूस' म्हणून वावरते. त्या भाषेत 'गूस' नावाचा बदकासारखा पक्षी आहे. त्याचे अनेकवचन 'गीस'. म्हणून पुष्कळ इंग्रजही 'माँगूस'चे 'माँगीस' करू पाहतात. त्यांच्या व्याकरणाला मान्य असलेले रूप 'माँगूसेस' हेच, कारण हा शब्द त्या पक्ष्याचा कोणीच लागत नाही. नुसत्या कानावर विसंबले की तेही फसतात, आपणही फसतो.

आम्ही या गोष्टीवर भर देतो याला कारण आहे. खोटी व्युत्पत्ती आज ना उद्या उघडी पडते, आणि तिच्यापायी 'गोणी'-'मुंगूस' यांचा खरा दावाही थट्टेवारी जातो. शिवाय इंग्रजीच्या पुस्तकापुढे बिचकणारी मुले घरोघर आहेत. या भाषेत आपल्या अंगणातील मुंगूस आणि धान्याची गोणी आधीच जाऊन बसली आहे, एवढे त्यांना सांगितले तरी त्यांची निम्मी भीती जाईल. उरलेली निम्मी शब्दकोश उघडल्यावर जाते.