एकाच मनाचीं दोन नांवें

परस्परविरुद्ध भाव एके ठिकाणीं आले म्हणजे रसभंग होतो, असें आपलें साहित्यशास्त्र मानतें. आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतांत या विरोधाचा ऊहापोह करून त्यावर उपायही सांगितले आहेत. एकाच आश्रयाच्या ठायीं न जुळणारे भाव दोन भिन्न आश्रयांकडे द्यावेत, हा एक. लागोपाठ आल्यानें ते बाधत असतील तर मध्यें तिसरा रस घालावा, हा दुसरा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६) यास हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. मुंबईच्या काव्यमालेंत हा ग्रंथ छापून निघाला तो १८९१ सालीं. तरी त्यानें पहिला उपाय स्वतःच्याच मनावर योजिला आणि दुसरा खुशाल झुगारून दिला!

शूमान हा पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. ज्यां पॉल नामक कादंबरीकाराच्या एका कथेंतील जुळे भाऊ, एक स्वप्नाळू व दुसरा फटकळ, त्याच्या मनांत घर करून बसले होते. त्यानेंही आपल्या स्वभावाचे दोन वांटे केले. उसळत्या, उतावीळ भावास फ्लोरेस्टान म्हटलें, अंतर्मुख व हळव्या भावास यूसेबियस. १८३४ सालीं लाइप्झिग येथें त्यानें संगीतविषयक नियतकालिक काढलें, त्यांत या दोन नांवांनीं टीकालेख येऊं लागले.

परंतु खरा प्रयोग पियानोवरील रचनांत झाला. १८३४–३५ च्या ‘कार्नावाल’ या मालिकेंत हे दोघे शेजारीं शेजारीं उभे आहेत. यूसेबियसच्या तुकड्यांत उजव्या हाताचे सात स्वर डाव्या हाताच्या दोन मात्रांवर तरंगत राहतात. ते मात्रेंत नेमके बसत नाहींत, आणि त्या न बसण्यांतच त्याची व्याकुळता आहे. लगेच फ्लोरेस्टान धांवत येतो, स्वतःची एक जुनी चाल आठवून थबकतो, पुन्हां धांवतो आणि शेवटाचा विसांवा न घेतां तुटतो. मध्यें तिसरा रस कोठेंही नाहीं. आम्हांस तर या आघातामुळेंच दोन्ही भाव अधिक उठावदार वाटतात.

१८३७ सालीं क्लारा वीक हिच्याशीं त्याचा वाङ्‌निश्चय झाला, पण तिच्या वडिलांचा विरोध मोडला नव्हता. त्याच वर्षीं रचिलेल्या अठरा नृत्यांखालीं त्यानें दोघांचीं आद्याक्षरें घातलीं: कोठें एकाचें, कोठें दुसऱ्याचें, कांहीं ठिकाणीं दोघांचींही. पुढील आवृत्तींत त्यानें स्वतःच तीं काढून टाकिलीं. आमच्या मतें ही हानि झाली.

१८५४ सालीं त्यानें ऱ्हाइन नदींत उडी घेतली व अखेरचीं दोन वर्षें मनोरुग्णालयांत काढिलीं. यावरून कित्येकजण या दोन नांवांतच पुढील व्याधीचें बीज शोधतात. आम्हांस हा तर्क पटत नाहीं. कोणतें नृत्य कोणत्या भावाचें हें जो अक्षर घालून वेगळें दाखवितो, त्याच्या मनांत तेव्हां गोंधळ होता असें कसें म्हणावें? नाटककार आपल्या पात्रांविषयीं जितका सावध असतो, तितका तो येथें सावध दिसतो.

१८३९ सालच्या ‘हुमोरेस्क’ या रचनेच्या वेळीं आपण पियानोपाशीं बसून हंसतों व रडतोंही, असें त्यानें क्लारेस कळविलें होतें. या रचनेंत दोघांचीं नांवें नाहींत. मात्र एके ठिकाणीं नेहमींच्या दोन पट्ट्यांच्या मध्यें तिसरी पट्टी काढून तिच्यांत एक संथ चाल लिहिली आहे आणि तिला ‘आंतला आवाज’ असें नांव दिलें आहे. ही चाल वाजवावयाची नाहीं. वरचे व खालचे स्वर तिच्याभोंवतीं फिरतात. वाजविणारानें ती डोळ्यांनीं वाचावयाची आणि मनांत म्हणावयाची. घरांत कोणी पियानो शिकत असेल तर त्याजकडून हें पान मागून घ्यावें, आणि मधली ओळ बोटानें दाखवीत तें ऐकावें.