वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : सहा महिन्यांनंतरही जपावयाच्या सवयी

(वाराणसीतील मराठी भाषक रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांसाठी)

स्थूलतेवरील ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकतात. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्याने याच भागात तयार होत असल्याने पहिले काही महिने भूक मंदावते. ‘बायपास’ शस्त्रक्रियेत जठर लहान करून अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागास वळसा देऊन पुढे नेले जाते. दोन्हींत आरंभी वजन झपाट्याने उतरते. पुढे भूक हळूहळू परतते. हे शस्त्रक्रियेचे अपयश नव्हे. मात्र यानंतरचे वजन बव्हंशी रोजच्या सवयींवर अवलंबून राहते.

मऊ व गोड पदार्थांपासून सावध राहावे

लहान जठरात पोळी-भाजी थोडीच मावते. परंतु लस्सी, रबडी, थंडाई, हिवाळ्यातील मलइयो किंवा घरचे श्रीखंड सहज उतरते. पोट भरल्याची जाणीव होण्यापूर्वीच बरीच साखर व स्निग्धांश शरीरात जातात. कचोरी-जिलेबीच्या न्याहारीसही हेच लागू आहे. विशेषतः बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर व जुलाब असा त्रास होऊ शकतो.

जेवताना

- प्रथम प्रथिने, नंतर भाजी व शेवटी पोळी किंवा भात घ्यावा. सर्वसाधारणपणे दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट वरण, उसळ, पनीर, दही, अंडी, मासे तसेच बनारसमध्ये सहज मिळणारे हरभऱ्याचे सत्तू (बिनसाखरेचे) उपयुक्त आहे.
- लहान घास घ्यावा, सावकाश चावावा. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. आग्रहास्तव एकही घास अधिक घेऊ नये.
- जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. उर्वरित वेळेत घोट घोट करून दिवसभरात किमान दीड लिटर पाणी प्यावे.
- जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. अधूनमधून फरसाण, बिस्किटे तोंडात टाकण्याची सवय वजन वाढवते.

उपवासाच्या दिवशी

साबुदाणा व बटाटा यांत प्रथिने नगण्य असतात. उपवास करण्यापूर्वी आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दूध, दही, पनीर यांचा समावेश करावा. निर्जळी उपवास टाळावा.

औषधे व तपासण्या

जीवनसत्त्व बी-12, ड जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून बंद करू नयेत. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्ततपासणी दरवर्षी करावी. वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तंबाखूचे पान व धूम्रपान वर्ज्य करावे. त्यांमुळे जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो. मद्याचा अंमल पूर्वीपेक्षा लवकर व अधिक होतो, म्हणून तेही टाळावे. शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळावी.

त्वरित रुग्णालयात जावे, जर

- वारंवार उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल;
- तीव्र पोटदुखी किंवा काळी शौच होत असेल;
- चालताना तोल जात असेल, दुहेरी दिसत असेल किंवा गोंधळल्यासारखे होत असेल. सततच्या उलट्यांमुळे जीवनसत्त्व बी-1 कमी होऊन मज्जासंस्थेस कायमची इजा होऊ शकते. आपत्कालीन मदतीसाठी 112 वर संपर्क साधावा.

वजन पुन्हा वाढू लागल्यास संकोच न करता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना भेटावे. वाढ थोडी असतानाच ती रोखणे सोपे असते. कुटुंबीयांनीही रुग्णाच्या ताटातील अन्न कमी दिसते म्हणून आग्रह करू नये; हीच त्यांची मोठी मदत ठरेल.