कानावरच्या पाच सुया

अमेरिकेत चिनी वैद्यक शिकवणारी विद्यालये आसपासच्या वस्त्यांत मोफत किंवा नाममात्र शुल्काची शिबिरे भरवतात. जागा बहुधा वाचनालयाची, चर्चच्या सभागृहाची, नाहीतर आठवडी बाजाराच्या कडेची. परवानाधारक चिकित्सकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी नाडी पाहतात, जीभ तपासतात, चीगोंगचे व्यायाम शिकवतात. सुईची धास्ती असलेल्यांच्या कानावर मोहरीएवढ्या बिया चिकटपट्टीने लावून देतात. एका बाजूला मात्र पाचसहा माणसे गोलाकार खुर्च्यांवर, कानात सुया घेऊन, अर्धापाऊण तास गप्प बसलेली असतात. शिबिराचे खरे आकर्षण हेच.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. १९७१ मध्ये पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. नंतरची पोटदुखी सुयांनी शमल्याचे त्यांनी लिहिले आणि अमेरिकेत कुतूहल जागे झाले. १९७३ मध्ये नेवाडा राज्याने या उपचाराला कायदेशीर मान्यता दिली, तर १९७५ मध्ये बोस्टन परिसरात ‘न्यू इंग्लंड स्कूल ऑफ ॲक्युपंक्चर’ सुरू झाले. भारतात ही विद्या निराळ्या वाटेने पोहोचली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ती तिथे शिकून कोलकात्यात आणली.

शिबिरातल्या कानाच्या सुयांचा उगम मात्र कोणत्याही वर्गात झालेला नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने इतर कार्यकर्त्यांसह लिंकन रुग्णालयाच्या इमारतीचा ताबा घेतला आणि हेरॉइनच्या व्यसनींसाठी केंद्र उघडले. आधी मेथाडोन दिले जाई. पुढे हाँगकाँगहून बातमी आली. तिथले मेंदूशल्यविशारद एच. एल. वेन शस्त्रक्रियेआधीच्या भुलीसाठी विद्युतप्रवाह सोडलेल्या सुया वापरत होते, आणि एका अफूबाज रुग्णाची व्यसन तुटल्यावरची तडफड त्या सुयांनी कमी झाली होती. ब्रॉन्क्समध्ये वीज वगळली गेली. डॉ. मायकेल स्मिथ आणि सहकाऱ्यांच्या हाताखाली पाच बिंदू ठरले: शेनमेन, सिंपथेटिक, मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुस. १९८५ मध्ये या पद्धतीच्या प्रशिक्षणासाठी ‘नाडा’ ही संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कसह काही राज्यांत आता परिचारिका आणि समुपदेशकही एवढे पाच बिंदू शिकून वापरू शकतात.

गंमत अशी, की कानावर सबंध शरीराचा नकाशा मांडण्याची आधुनिक कल्पना फ्रान्समधील ल्यों शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरची. त्याने कानात उलटा गर्भ पाहिला, १९५० च्या दशकात ते मांडले, आणि चिनी वैद्यांनी तो नकाशा उचलून स्वतःचे बिंदू त्यात भरले. शिबिरात ‘प्राचीन’ म्हणून मिरवणाऱ्या तक्त्याचे वय असे सत्तरीच्या आसपासचे आहे.

परिणामाबाबत मात्र हात आखडता घेणेच शहाणपणाचे. २००२ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात ६२० कोकेनव्यसनींवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात कानातील खऱ्या सुया, दाखवण्यापुरत्या टोचलेल्या सुया आणि नुसती विश्रांती यांत फरक दिसला नाही. तरीही ही बैठक टिकून आहे, कारण तिला खोली लागत नाही, कपडे काढावे लागत नाहीत, कोणाला आपली कहाणी सांगावी लागत नाही. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये ‘ॲक्युपंक्चरिस्ट्स विदाउट बॉर्डर्स’च्या स्वयंसेवकांनी वादळग्रस्तांसाठी हीच पद्धत वापरली, आणि विद्यालयांच्या शिबिरांतही आज तीच चालते.